पाचपैकी साडेतीन

इंझोरीचा अश्वजित कृषी सहायक होता. मानोरा तालुक्यातली काही गावं आणि त्यांच्या आजूबाजूचे तांडे त्याच्याकडे होते. सोयाबीनवर अळी पडली की मोटारसायकल काढायची, तूर वाळायला लागली की शिवारात जाऊन मुळं उपटून पाहायची आणि संध्याकाळी फोटो वर पाठवायचे, असं त्याचं काम. माणूस गरीब स्वभावाचा. ऑफिसच्या मिटिंगमध्ये साहेब काहीही म्हणाले तरी त्याची मान हलायची. घरी आई गंगूने भाजी खारट केली तरी तो मुकाट्याने खायचा. मानोऱ्यात कोणाला विचारलं असतं, की हा पोरगा कधी कोणाशी भांडला आहे का, तर लोक हसले असते.

पण फोनमध्ये तो वेगळाच होता. 'सलग ऐका' नावाचा एक ग्रुप होता. परदेशातल्या रॉक आणि पॉप अल्बमवर मराठीतून मतं लिहिणारी मंडळी त्यात होती. कोणी कोल्हापूरचं, कोणी नांदेडचं, एकजण तर दुबईत क्रेन चालवणारा. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायचा, मध्ये उठायचं नाही, मगच लिहायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे, हा तिथला नियम. या ग्रुपमध्ये अश्वजितचं नाव होतं 'वखर'. आणि वखर खरोखरच वखरासारखा चालायचा. तण दिसलं की मुळासकट.

त्याचा सगळ्यात लाडका बँड म्हणजे इंग्लंडातल्या कुठल्याशा खाणीच्या गावातले चौघं. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर त्यांनी तोंडाला कोळसा फासला होता, म्हणून ग्रुपमध्ये त्यांना 'कोळशेवाले' म्हणत. आणि त्याच्या डोक्यात जाणारी गायिका म्हणजे 'झोपाळू बाई'. ही बाई पेंगत असल्यासारखी गायची आणि जगभरातल्या पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. तिच्या अल्बमवर वखरने लिहिलं, "बाईंना कोणीतरी आधी चहा पाजा. इतकी गाणी, एकही जागं नाही. पाचपैकी एक, तोही कव्हरवरच्या मांजरीला."

त्याखाली 'दोन चमचे' नावाच्या कोणीतरी उत्तर दिलं. "मांजर दिसली, पण सहाव्या गाण्यातला बास ऐकू आला नाही. मोटारसायकलवर ऐकता काय? हा अल्बम बसून ऐकायचा असतो. तुमच्या मताला पाचपैकी अर्धा."

अश्वजित चपापला, कारण तो खरंच मोटारसायकलवर ऐकायचा. त्या दिवशी दुपारी त्याने एका बांधावर बाभळीखाली गाडी लावली आणि सहावं गाणं पुन्हा लावलं. बास होता. खोल, हळू, विहिरीत मोटर चालावी तसा. त्याने ते कबूल मात्र केलं नाही.

तेव्हापासून दोघांची जुंपली ती जुंपलीच. वखरने ज्याला डोक्यावर घेतलं त्याला दोन चमचेने पाडायचं, दोन चमचेला जे आवडलं त्याची वखरने सालटी काढायची. ग्रुपची मंडळी मजा बघायची. फक्त एका गोष्टीत दोघांचं जमलं. ग्रुपमध्ये एकजण प्रत्येक अल्बमला साडेतीन द्यायचा. कोणताही अल्बम असो, "काही गाणी छान, काही ठीक, साडेतीन." त्याला दोन चमचेने एकदा सुनावलं, "साडेतीन म्हणजे नीट ऐकलंही नाही आणि भांडायची हिंमतही नाही. त्यापेक्षा शून्य द्या. निदान माणूस तरी कळतो." अश्वजितने त्या मजकुराला बदाम दिला. दोन चमचेला दिलेला तो पहिला बदाम.

एका संध्याकाळी मानोऱ्यातली लाइन गेली. अश्वजित कामासाठी तिथेच थांबला होता. चहाच्या टपरीवर अंधारात बसून त्याने फोन उघडला, तर दोन चमचेचा ताजा मजकूर. "शेवटची गाणी राहिली. आमच्या मानोऱ्यात लाइन गेली आणि फोनची बॅटरीही संपत आली. उरलेलं मत उद्या." अश्वजितने मान वर करून अंधाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस इथेच कुठेतरी बसला आहे. त्याने थेट निरोप टाकला, "तुमी मानोऱ्याचे काय?" उत्तर आलं, "काहून? घरी येऊन भांडता काय?" आणि बहुतेक बॅटरी संपली.

पुढच्या आठवड्यात शेतात पायाला तार लागली म्हणून तो पट्टी घ्यायला एका मेडिकलमध्ये शिरला. राजपाल राठोडांचं दुकान, पण काउंटरला त्यांची पुतणी असायची. औषधांच्या खोक्यांमागे ठेवलेल्या छोट्या स्पीकरवर झोपाळू बाई हळू आवाजात गात होती. अश्वजित पट्टी मागायचं विसरला.

"हे बाई अजून झोपेतच हाय," तो म्हणाला.

पोरीने गोळ्यांचं पाकीट कापता कापता कात्री थांबवली. त्याच्याकडे नीट पाहिलं. चिखलाचे बूट, गळ्यात लोंबणारा इयरफोन.

"तुमी वखर काय?"

ती रीता. जवळच्या तांड्यावरच्या गोविंदसिंग आणि बेबीबाईची मुलगी. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि रीता आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायची. सोबतीला असावा म्हणून बापाने एक साधा फोन दिला होता. मानोऱ्याच्या मोबाइलवाल्याने त्याचं कार्ड गाण्यांनी भरून देताना चुकून इंग्रजी गाण्यांचं एक फोल्डर टाकलं. "मले शब्द समजत नव्हते, म्हणूनच आवडले ते गाणे," तिने पुढे एकदा अश्वजितला सांगितलं. "समजणाऱ्या गाण्यांत आया राह्यच्या. मंग रडू ये. याच्यात काय हाय ते मालूमच नव्हतं, त काय रडन?" तिने फार्मसीचं शिक्षण घेतलं, काकांच्या दुकानाचं लायसन्स तिच्या नावावर निघालं आणि तिने आईबापाला उसाला जाणं सोडायला लावलं.

हळूहळू 'तुमी'चं 'तू' झालं. दुपारी जेवणाच्या वेळेला मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नसायचं. अश्वजित कुठल्यातरी शिवारात झाडाखाली असायचा. तो फोन करायचा. "सोडू?" "सोड." दोघं एकाच वेळी अल्बम सुरू करायचे, फोन ठेवायचे आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत एकमेकांना काही बोलायचे नाहीत. संपलं की पुन्हा फोन आणि मग भांडण. ती म्हणायची, तुले फक्त ढोल ऐकू येतात. तो म्हणायचा, तुले फक्त उसासे. सगळ्या मानोऱ्यात त्याचा आवाज असा चढलेला ऐकणारी ती एकटीच होती.

एकदा दोघं एकत्र वाशिमला गेले. ठरवून नाही, किंवा दोघांनीही ठरवलं नाही असं दाखवलं. त्याला ट्रेनिंग होतं, तिला लायसन्सच्या कामाला जायचं होतं. एसटीत शेजारी जागा मिळाली. कोळशेवाल्यांचा नवा अल्बम त्याच दिवशी आला होता. त्याने इयरफोनची एक वायर तिच्याकडे दिली. मंगरूळपीर मागे पडेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. एका संथ गाण्यात, जिथे ढोल अजिबात नव्हता, तिने डोळे मिटले आणि तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागलं. तिने ते काढलं नाही. अश्वजित लाकडासारखा ताठ बसून राहिला. हात हलवला तर वायर निघेल अशी त्याला भीती होती.

अल्बम संपल्यावर ती म्हणाली, "मी चुकली होती. याईले गाता येते."

त्याच्या तोंडाशी काहीतरी दुसरंच आलं होतं. पण तो म्हणाला, "ढोल जरा मागं ठेवला यावेळी. रेकॉर्डिंग चांगलं हाय."

ती त्याच्याकडे बघून हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिने त्याला दुकानात बोलावलं. फोनवर नाही, समोर ये म्हणाली. स्पीकर बंद होता.

"रविवारी मले पाहाले आले होते," ती म्हणाली. "दिग्रसकडचे. पोरगा पुण्याच्या बाजूले कंपनीत हाय. उदयसिंग नाव. घरच्याइले पसंत हाय. मले शनिवारपर्यंत सांगा लागते."

अश्वजित काउंटरवरच्या काचेकडे पाहत राहिला.

"तुझं मत काय?" तिने विचारलं.

बौद्धाचं पोरगं आणि तांड्यातली पोरगी, हा विषय मानोऱ्यातल्या कोणत्या ओट्यावर कसा चघळला जाईल, राजपालकाकांच्या दुकानाचं काय होईल, तांड्यावर गोविंदसिंगला लोक काय बोलतील, आपला बाप देवमन काय म्हणेल, हे सगळं अश्वजितने नंतर स्वतःला समजावून सांगण्यासाठी जमवलं. त्या क्षणी त्यातलं काहीच त्याच्या मनात नव्हतं. त्या क्षणी तो फक्त घाबरला होता. मिटिंगमध्ये घाबरायचा तसाच.

"स्थळ चांगलं दिसते," तो म्हणाला. "नोकरी पक्की हाय. पुणं म्हणजे... तिथं गाण्याचे कार्यक्रमही होतात. तुले आवडन."

"मी पोराची माहिती नाई मागतली. तुझं मत मागतलं."

"मी काय सांगू, रीता? तुझा निर्णय हाय. घरच्याइचंही पाहा लागते."

ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात, ग्रुपवर विचारावं तसं तिने विचारलं, "पाचपैकी किती?"

तिने थट्टा केली, असं त्याला वाटलं. किंवा ती थट्टा असावी असं त्याला फार फार वाटलं. सुटका झाल्यासारखा तो हसला.

"साडेतीन," तो म्हणाला.

रीता हसली नाही. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ साखरेच्या गोळ्या घ्यायला आले. तिने त्यांना पाकीट दिलं, सकाळची कोणती आणि जेवणानंतरची कोणती ते दोनदा समजावलं, पायरी उतरताना सांभाळून जा म्हणाली. मग वळून अश्वजितला म्हणाली, "बरं." आणि आतल्या फळ्या पुसायला लागली.

गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत येईस्तोवर त्याला कळून चुकलं, की आपण काय केलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. परत जायला किती वेळ लागला असता? पण दुकानात आता गिऱ्हाईक असेल, काका आले असतील, उद्या नीट बोलू, असं म्हणत तो इंझोरीकडे गेला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा दौरा निघाला. तिसऱ्या दिवशी काउंटरला राजपालकाका होते. त्याने फोन केला तेव्हा तिने उचलला.

"साखरपुड्याची तारीख निघाली," ती म्हणाली.

"अभिनंदन," तो म्हणाला. दुसरा शब्द त्याला सुचला नाही.

लग्नाला तो गेला. बुंदी खाल्ली, नवरदेवाशी हात मिळवला. उदयसिंग उंच, हसतमुख पोरगा होता. त्याच्यात खोट काढायला अश्वजितने फार शोधलं, पण काही सापडलं नाही. दोन चमचेने ग्रुपवर लिहिणं बंद केलं. काही दिवस लोकांनी विचारलं, मग विसरले. वखर लिहीत राहिला, पण त्याची धार गेली. ज्याच्या मतावर तुटून पडणारं कोणी नाही, त्याला मत तरी कशाला हवं? एकदा दुबईच्या क्रेनवाल्याने लिहिलं, "वखरभाऊ, आजकाल तुम्ही सगळ्यांना चांगलंच म्हणता, तब्येत बरी आहे ना?"

लग्नानंतरच्या दुसऱ्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत कृषी खात्याचा स्टॉल लागला. अश्वजितची तिथे ड्युटी होती. माणसांची रीघ लागली होती, उन्हाने जीव हैराण झाला होता. दुपारी एक बाई स्टॉलच्या कापडाच्या सावलीत येऊन टेकली. त्याने तिला माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने त्याला निरखून पाहिलं.

"तुमी ते वखरवाले ना?"

अश्वजितला आधी कळलंच नाही. हे नाव तोंडाने कोणी उच्चारलेलं त्याने रीतानंतर ऐकलं नव्हतं.

"मी बेबीबाई. रीताची माय. लग्नात पाह्यलं होतं तुमाले." तिने पदराने तोंड पुसलं. "पोरगी आली हाय. नवऱ्यासंगं दर्शनाच्या रांगेत हाय. नातू हाय संगं. मले उभं राहवत नाई, म्हून मी हितं बसली."

"बरं केलं, मावशी. बसा."

"पोरगी सांगे मले तुमचं. रोज सांगे. आज वखर असा बोलला, आज मी त्याले असं म्हटलं. ते इंग्रजी गाणे मलेही आयकवले तिनं. मले काई समजे नाई. पण ते झोपेतली बाई मले आवडे." बेबीबाई थोडी हसली. मग हसू मावळलं. "एक इचारू? राग नका धरू. तुमी काहून नाई बोलले?"

अश्वजितच्या हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"मी तिले म्हटलं होतं," बेबीबाई सांगू लागली, "त्या पोराले एकदा तोंडानं बोलू दे. मंग तुह्या बापाले मी पाह्यतो. इतके वर्षं त्याच्यासंगं ऊस तोडला, एका झोपडीएवढ्या कोपीत दिवस काढले, माह्या शब्दाबाहेर नाई तो. तांड्यातले चार लोक बोलले असते. बोलू दे. ते आमी उसाले गेलो तवाही बोलत होते, नाई गेलो तवाही बोलले." तिने रिकामा पेला टेबलावर ठेवला. "त्या दिवशी पोरगी दुकानातून आली. जेवली नाई. म्हणे, आई, होकार कळव त्याइले. मी म्हटलं, त्यानं नाही म्हटलं काय? म्हणे, नाही म्हटलं असतं त बरं होतं."

गर्दीतून कोणीतरी येऊन ठिबकच्या अनुदानाबद्दल विचारलं. त्याने पत्रक काढून दिलं. कोणतं दिलं, ते त्याने पाहिलं नाही.

थोड्या वेळाने रीता आली. कडेवर पोर, कपाळाला प्रसादाचा टिळा. मागून उदयसिंग पिशव्या घेऊन येत होता. त्याने अश्वजितला ओळखलं आणि मोकळेपणाने हात पुढे केला. "साहेब, तुमचं नाव लय ऐकलं घरी. मले त्या गाण्यातलं काई कळत नाई. हिनं स्वयंपाकघरात स्पीकर लावला, म्हणून भाजी परतायचं काम माह्याकडं हाय." त्याने पोराला तिच्या कडेवरून घेतलं आणि बेबीबाईला उठायला हात दिला.

"ऐकतेस अजून?" अश्वजितने विचारलं.

"ऐकतो. लिहीत नाई." ती नजर न चुकवता म्हणाली. "झोपाळू बाईचा नवा आला. ऐकला?"

"ऐकला."

"कसा हाय?"

"चांगला हाय," तो म्हणाला. "मले आवडला. मेहनत घेतली बाईनं."

रीताने मान हलवली. "भंगार हाय. बाई जागी झाली आता. मजा गेली सगळी."

तो हसला. खरोखरचं हसू आलं त्याला. "रीता, त्या दिवशी मी..."

"नको," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता, थकलेलाही नव्हता. "मी बरी हाय, अश्वजित. खरंच बरी हाय. तू नको बोलू आता."

ती नवऱ्याच्या मागे गेली. बेबीबाईने जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला. गर्दीने तिघांना आणि पोराला गिळून टाकलं.

संध्याकाळी इंझोरीला परतल्यावर अश्वजित जेवायला बसला. समोर देवमन जेवत होता. गंगू चुलीपाशी भाकरी थापत होती.

"बाबा," अश्वजित म्हणाला, "मेडिकलमधली ती पोरगी होती, राठोडाची. तिच्यासाठी मी तुमाले म्हटलं असतं, त तुमी काय केलं असतं?"

देवमन विचारात पडला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याला वेळ लागला.

"भांडलो असतो," शेवटी तो म्हणाला. "वर्षभर भांडलो असतो तुह्याशी. तुह्या मायनं जेवण बंद केलं असतं."

"मी काहून बंद केलं असतं?" गंगू चुलीकडूनच म्हणाली.

"बरं, नसतं केलं. मी भांडलो असतो. मंग गेलो असतो गोविंदसिंगकडं." देवमनने भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "तू तर कधी बोललाच नाई. आता काहून इचारून राह्यला?"

"असंच."

देवमन त्याच्याकडे पाहत राहिला. पोरगं आणखी काही बोलेल म्हणून त्याने हातातला घास तसाच धरून ठेवला. गंगूनेही थापणं थांबवून मान वळवली. अश्वजितने ताट पुढे केलं आणि आणखी एक भाकर मागितली.